नवमीचं पान

अंजना भालेरावचं आता एकच मागणं उरलं होतं, आणि ते काही सोन्याची लंका मागण्यासारखं नव्हतं. पोराच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या, बस्स. नवरा सुदाम भुसावळला रेल्वेत फिटर. येत्या मे महिन्यात तो रिटायर होणार आणि त्याबरोबर क्वार्टरही सुटणार. रेल्वेचं असंच असतं, हात चालतात तोवर डोक्यावर छप्पर, मग उचला आपला बिस्तरा. सुदाम म्हणत होता, गावी जाऊ. गावी आता कोण होतं? पडकी भिंत आणि भावकीची भांडणं. एकुलता एक राजेंद्र अंबरनाथला नोकरीला, तिथंच त्यानं फ्लॅट घेतलेला, सून माया नोकरी करणारी, नात पायल पहिलीत. मग म्हातारपण काढायचं तर कुठं काढायचं, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

पोराच्या घरात मात्र तिला राहायचं नव्हतं. सून गुणाची होती, पण एका घरात दोन चुली म्हणजे रोजची कटकट, हे अंजनाला कळत होतं. वेगळं राहायचं, पण जवळ. पायलनं शाळेतून सुटून थेट आजीकडे यावं, काहीबाही खावं, मग घरी जावं. एवढंच चित्र ती वर्षभर मनात रंगवत होती. सुदामनं हो-ना करत शेवटी मान डोलावली, आणि दोन हजार सात सालच्या डिसेंबरात दोघं चार दिवसांसाठी घरं बघायला आले.

पहिली माशी शिंकली ती स्टेशनवरच. राजेंद्र घ्यायला आला होता, पाया पडला, पिशव्या उचलल्या, आणि म्हणाला की घरात रंगकाम काढलंय, बाबांना दम्याचा त्रास, तेव्हा मामाकडे उतरा. मामा म्हणजे अंजनाचा धाकटा भाऊ महेंद्र. तो उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायचा, जीन्स शिवायच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. अंजनाला चुटपुट लागली. राजेंद्रनं फ्लॅट घेऊन तीन वर्षं होत आली तरी तिनं तो पाहिला नव्हता. वास्तू झाली ती घाईत झाली, म्हणे रजाच मिळाली नाही. मग दर वेळी काहीतरी निघायचं. मे महिन्यात तोच पायलला घेऊन भुसावळला यायचा. पत्ता तेवढा तिला तोंडपाठ होता, कारण दर उन्हाळ्यात त्या पत्त्यावर कुरडया-पापडाचं खोकं जायचं. चैतन्य सोसायटी, अंबरनाथ पूर्व.

महेंद्रकडे मात्र आनंदीआनंद होता. दारातच “जय भीम अक्का, जय भीम दाजी” करत त्यानं दोघांना आत घेतलं, मटण आणलं, सुदामला पत्त्यांच्या डावाला बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्याच गल्लीतला एक फ्लॅट दाखवला. सुदामला तो लगेच पसंत पडला, कारण मेहुणा जवळ आणि पत्ते जवळ. पण खाली शिलाई मशिनी दिवसभर घर्रर्र करत होत्या, मागच्या नाल्यात जीन्सचा निळा रंग वाहत होता. अंजना म्हणाली की इथं दमा घालवायला यायचं की वाढवायला यायचं ते एकदा ठरवा.

मग बदलापूर. राजेंद्रनं रजा काढली होती, एक सिंधी एजंट गाठला होता. त्यानं आधी मांजर्लीला नेलं. घर ऐसपैस, नदी जवळ, आणि भिंतीला छातीपर्यंत वेगळाच ताजा रंग. शेजारच्या बाईनं न विचारताच सांगितलं की दोन वर्षांपूर्वीच्या पुरात त्यांनी रात्र गच्चीवर काढली, गॅसची सिलेंडरं गल्लीतून वाहत गेली. सुदाम म्हणाला, “जन्म रेल्वेत काढला, आता नावेत काढायचा का?” एजंटसकट सगळे हसले आणि तिथून निघाले.

खरवईचं घर तसं नावं ठेवण्यासारखं नव्हतं. नवी इमारत, अजून अर्ध्या बाजूला प्लॅस्टर नाही, पण वारा भणभण, समोर डोंगर. राजेंद्र सारखं म्हणत होता, आई हवा बघ, आई उजेड बघ, बाबांचा दमा इथं पळून जाईल. पोरगा घराचं एवढं कौतुक करतोय हे बघून अंजनाला बरं वाटलं, मग एकदम वाटलं की हा एवढा का घाई करतोय. तिनं विचारलं, इथून तुझं घर किती लांब? तो म्हणाला, रिक्षा, मग एक स्टेशन, मग परत रिक्षा. मग पायल शाळेतून माझ्याकडे कशी येणार, असं तिनं विचारलं. राजेंद्र मोबाइल काढून गच्चीवर पाण्याची टाकी बघायला निघून गेला. सुदाम त्याच्या मागोमाग गेला.

तेव्हा एजंट हळूच म्हणाला, “माताजी, बेटे के पासच पाहिजे तर अंबरनाथला बघा ना. ईस्टला चैतन्य सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट खाली आहे. चाबी सेक्रेटरीकडे.”

अंजनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं परत विचारलं. चैतन्यच. ज्या पत्त्यावर कुरडया जात होत्या, तोच. बाईच्या अंगात वारं शिरलं म्हणा ना. आता कळलं, तिला वाटलं, पोराला ठाऊकच नाही, नाहीतर त्यानं पहिल्या दिवशी तिथं नेलं नसतं का? तिनं एजंटला गप्प बसायची खूण केली. उद्या राजेंद्र कामावर जाईल, आपण गुपचूप जाऊन घर बघू, पसंत करू, आणि मग त्याच्या पुढ्यात बातमी ठेवू. सुदामलाही तिनं सांगितलं नाही. सुदामच्या पोटात गोष्ट राहिली असती तर तो फिटर कशाला झाला असता, वकील झाला असता.

दुसऱ्या दिवशी सुदाम आणि महेंद्र पत्त्यांना बसलेले बघून, बाजारात जाऊन येते असं सांगून ती निघाली. ठेवणीतली साडी नेसून. मटार घ्यायला कुणी ठेवणीतली साडी नेसतं का, हे त्या दोन शहाण्यांच्या लक्षातही आलं नाही. कोपऱ्यावर एजंट रिक्षा घेऊन उभा होता.

चैतन्य सोसायटी तीन मजल्यांची, दारात कुंडीतली तुळस, जिन्याखाली पत्रपेट्यांची रांग. त्यात एकीवर ‘रा. सु. भालेराव’. ते ‘सु’ बघून अंजनाला भरून आलं. हे सु म्हणजे आपला सुदाम, पोरानं बापाचं नाव पेटीवर लावलंय. तळमजल्याचा रिकामा फ्लॅट जिन्याला लागूनच होता, कुलूप होतं. तिनं खिडकीच्या जाळीतून आत डोकावलं. स्वयंपाकघराला पूर्वेकडून ऊन येत होतं. तिच्या मनात तिथं पाट मांडून झाला, पायलला बसवून झालं.

सेक्रेटरी विष्णुपंत बँकेत गेले होते. त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, दार उघडलं. साठीच्या, ठसठशीत कुंकू, हसरा चेहरा. उन्हात कशाला उभ्या राहता, आत या, म्हणाल्या. एजंट विष्णुपंतांना शोधायला गेला आणि सगुणाबाईंनी चहा टाकला. आडनाव विचारलं तेव्हा अंजना म्हणाली, आधी घर तर पसंत पडू दे, मग सगळं सांगते. आपण भालेराव, वरच्या राजेंद्रची आई, हे किल्ली हातात आल्यावर सांगायचं, असा तिचा बेत होता. पण आईचा जीव मोठा हावरा असतो. आपल्या पोराचं कौतुक परक्याच्या तोंडून ऐकायचा मोह कुणाला सुटतो? तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, वर भालेराव म्हणून कोण राहतात, माणसं कशी आहेत?

सगुणाबाई खुलल्याच. म्हणाल्या, लाखात एक कुटुंब. तो मुलगा सोसायटीच्या कुठल्याही कामाला पुढे, त्याची बायको तर माझ्या मुलीसारखी, त्यांची पायल शाळा सुटली की माझ्याकडेच असते, आत्ता येईलच. अंजना चहाची बशी हातात धरून ऐकत होती, आणि कान कसे तृप्त होत होते म्हणून सांगू.

“फक्त एकच वाईट,” सगुणाबाई म्हणाल्या. “पोराला आईवडील नाहीत.”

अंजनानं बशी खाली ठेवली. तिला वाटलं, ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय.

सगुणाबाईंचं बोलणं सुरूच होतं. आई आधी गेली, सवाष्ण गेली, मग वडील. राजेंद्र-माया इथं राहायला आले त्याच वर्षी सगुणाबाईंनी मायाला विचारलं होतं, पितृपंधरवड्यात सासूचं काय करता? मायाला काहीच माहीत नव्हतं, नुसती बावरली. सासूच नाही म्हटल्यावर पोरीला शिकवणार कोण? मग सगुणाबाईंनीच तिला सगळं सांगितलं. सवाष्ण गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करायचं असतं, सवाष्णीला बोलावून जेवू घालायचं, ओटी भरायची, गेलेलीच्या आवडीचं काहीतरी पानात वाढायचं. पोरीनं मनापासून केलं. दर वर्षी सवाष्ण म्हणून सगुणाबाईच जेवायला जातात.

“आणि पानात काय वाढते सांगू? खीर, वडे सगळं असतंच, पण बरोबर काळी भाकरी. कळण्याची म्हणतात म्हणे. मी म्हटलं, पितरांच्या पानात ही कसली भाकरी? तर राजेंद्र म्हणाला, माझ्या आईचा जीव होता या भाकरीवर. डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या.”

बाई ग. आता हे ऐकून माणसानं काय करावं? अंजनाचा जीव होता त्या भाकरीवर. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा, राजेंद्र लहान असताना ती पहिला घास मोडायची तो त्याच्या तोंडात. क्वार्टरमधल्या बाया दर नवमीला सवाष्ण शोधत दारोदार फिरायच्या, पण भालेरावांचं दार सोडून. इतक्या वर्षांत अंजनाला एकदाही कुणी पाटावर बसवलं नव्हतं. का नव्हतं ते सांगायची गरज नाही. त्यांनाही ठाऊक होतं आणि हिलाही. आणि आता तिच्या नावाचं पान निघत होतं, तिच्याच पोराच्या घरात, ती धडधाकट जिवंत असताना, आणि ते जेवत होती समोर बसलेली ही बाई. भुसावळच्या घरात फुले-बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वाढलेला पोरगा आईचं श्राद्ध घालत होता.

तिला राग आला. असा आला की वाटलं उठून सांगावं, मीच ती मेलेली, बघा नीट. सगळी सोसायटी गोळा करावी. पण सांगितलं तर पुढं काय? आज ना उद्या पोराचं बिऱ्हाड जिन्यावरून खाली येईल. राजेंद्र आधी भाड्याच्या घरासाठी किती वणवण फिरला होता ते तिला आठवलं. भालेराव म्हणजे कुठले, गाव कुठलं, घरात फोटो कुणाचे, असं विचारून विचारून लोक दारं लावायचे. तेव्हा फोनवर तो हसून सांगायचा. ते हसणं कसलं होतं ते आता तिला कळलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. 

तेवढ्यात दार वाजलं आणि पायल आत आली. दप्तर खांद्यावर, रिबीन सुटलेली. अंजनाला बघून पोरगी जागीच थबकली आणि मग “आजी” करत तिच्या गळ्यातच पडली.

 आता फुटलं सगळं, अंजनाला वाटलं. पण सगुणाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

“अगंबाई, म्हणजे तुम्ही त्या भुसावळच्या मावशी! राजेंद्रच्या आईची सख्खी बहीण! आधी नाही का सांगायचं? सुट्टीत तुमच्याकडेच जातात की ही मंडळी. पोरगी सारखी आजी आजी करते. बरोबरच आहे, बिचारीला खरी आजी कुठं बघायला मिळाली.”

म्हणजे पोरानं तेही योजून ठेवलं होतं. पायलला काही शिकवावं लागू नये, तिनं काहीही बोललं तरी बिंग फुटू नये, म्हणून आईला मारून तिचीच बहीण करून ठेवली होती. अंजनानं पायलच्या केसांवरून हात फिरवला. रिबीन बांधायला घेतली, पण गाठ बसेना.

“हो,” ती म्हणाली. “मी तिची बहीण.”

सगुणाबाई जवळ सरकून बसल्या. त्यांनी अंजनाचा हात हातात घेतला. वाईट बाई नव्हती ती, जराही नव्हती, आणि तेच जास्त जड जात होतं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “किती वर्षं मनात होतं, पण त्यांना विचारायचा धीर होत नाही. कशानं हो गेल्या ताई?”

 आपण कशानं गेलो हे एकदम सांगणं सोपं नव्हतं.

“काही दुखणं नव्हतं,” ती म्हणाली. “बसल्या जागी गेली. चहा पीत होती.”

“भाग्याचं मरण,” सगुणाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले.

विष्णुपंत किल्ली घेऊन आले तेव्हा अंजना जिन्यापाशी उभी होती. घर बघायचं ना, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बाहेरून बघितलं, आमच्या ह्यांना दम्याचा त्रास, तळमजला चालायचा नाही. निघताना सगुणाबाईंनी कुंकू लावलं. पायल रडायला लागली की आजी वर आमच्या घरी का येत नाही. वरती रंग लावलाय, अंजना म्हणाली. पायल म्हणाली, कुठं लावलाय? सगुणाबाईंचं लक्ष विष्णुपंतांकडे होतं म्हणून बरं. अंजनानं पोरीचा मुका घेतला आणि रिक्षात जाऊन बसली. एजंट सारखं विचारत होता, माताजी तबियत ठीक आहे ना. कॅम्प पाच येईपर्यंत ती रडली, हमसून हमसून रडली, आणि मग उतरून अर्धा किलो मटार घेतले, कारण बाजारात जाते म्हणून सांगितलं होतं.

संध्याकाळी तिनं सुदामला सांगितलं की खरवईचं घर नक्की करू. सुदामला आश्चर्य वाटलं. काल तर लांब पडतं म्हणत होतीस, तो म्हणाला. एवढं लांब तरी कसलं, एकच तर स्टेशन, ती म्हणाली, आणि हवा चांगली आहे. सुदाम खूष झाला. आपली बायको एकदा तरी शहाण्यासारखी बोलली, असं तो महेंद्रला सांगायला गेला.

राजेंद्र अंधार पडल्यावर आला. एरवी आला की बूट काढता काढता बोलायला लागायचा. आज चेहरा पांढराफटक होता. पायलला घ्यायला तो सगुणाबाईंकडे गेला होता आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं होतं. तुझ्या मावशी किती मायाळू, आईच्या आठवणीनं कशा कासावीस झाल्या. अंजना मागच्या गॅलरीत मटार सोलत बसली होती. तो तिच्यासमोर खालीच बसला.  तुटक तुटक बोलत राहिला. घर मिळत नव्हतं, आई. एजंट विचारायचे, मालक विचारायचे. इथं आलो तेव्हा सगळे म्हणायला लागले, आईबाबा कधी येणार, त्यांना बोलवा, ओळख करून द्या. एक दिवस तोंडातून निघून गेलं की नाहीत. निघून गेलेलं परत कसं घेणार होतो?

“मी नवमीला भाकरी स्वतः थापतो,” तो म्हणाला. “मायाला जमत नाही.”

अंजनाचे हात थांबले. दोन मुस्काटात द्याव्यात असं वाटत होतं आणि त्याच वेळी त्याचं डोकं मांडीवर घ्यावं असंही वाटत होतं. तिनं दोन्ही केलं नाही. आतून सुदामचा आवाज येत होता. तो महेंद्रला खरवईच्या घरात खाट कुठं टाकायची, सकाळी कितीची लोकल धरली की पोराकडे चहाला पोचता येईल, रविवारी पोरगं जेवायला येईल तर पाट किती घ्यायचे, ते सगळं सांगत होता. राजेंद्रला ते ऐकवेना. तो हुंदका देऊन म्हणाला, मी बाबांना आत्ताच जाऊन खरं सांगतो, त्यांचे पाय धरतो. तो उठायला लागला तसा अंजनानं त्याचा दंड घट्ट पकडला आणि त्याला खाली बसवलं.

“त्यांना यातलं काही सांगायचं नाही,” ती म्हणाली. “मी एकटी मेले तेवढं पुरे. तुझ्या बापाला जगू दे.”